सहाचा भोंगा

माझ्या मेहुण्याला ढगांचं वेड होतं असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. दर शनिवारी गावच्या हॉलमध्ये बिअर ढोसून एकमेकांची थोबाडं फोडणारे ते शहाणे, आणि उन्हाळ्यात टेकडीवर खुर्ची टाकून आभाळ बघत बसणारा एल्डन तेवढा वेडा. बरं आहे.

मी बेव हुर्टा. नेब्रास्कातल्या आमच्या या चेक लोकांच्या गावात माझं केस कापायचं दुकान आहे. बायका येतात, पुरुषही येतात, आणि खुर्चीत बसलं की सगळ्यांची तोंडं सुटतात. एल्डन सेडलाचेक म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आर्लिसचा नवरा. सहकारी सोसायटीच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. उंच, जरा वाकलेला, नखांत कायम ग्रीस. डाव्या कानाने कमी ऐकायचा. तो कान बापाने फोडला होता.

त्याचा बाप, म्हातारा स्टॅन्ली, माणूस नव्हताच. घोड्यांचे कातडी पट्टे दाराशेजारी खुंटीला टांगलेले असायचे, पण घोड्यांना ते कमी लागले आणि पोराला जास्त. गायीने दूध चोरलं, मार पोराला. मका वाळला, मार पोराला. सूप खारट झालं तर आधी बायकोला आणि मग पोराला. या राक्षसाला जगात एकाच गोष्टीची भीती होती, गडगडाटाची. त्याचा सख्खा भाऊ गवताच्या गाडीवर उभा असताना त्याच्या डोळ्यांदेखत वीज पडून जळाला होता. तेव्हापासून पश्चिमेकडून ढग चढायला लागले की स्टॅन्ली बटाट्यांच्या तळघरात जाऊन बसायचा, आणि आभाळ निवळेपर्यंत वर यायचा नाही. तेवढा वेळ घरात मार नाही. एल्डन अंगणात उभा राहून वर बघायचा. वारा कोंबड्या उडवतोय, विजा झाडं फाडताहेत, आणि हे पोर निवांत.

"मला ढगांची भीती कशी वाटेल, बेव?" माझ्या खुर्चीत बसून तो एकदा म्हणाला होता. "ते आले की मी सुटायचो."

बापाचा एवढा मार खाल्ला म्हणून त्याने जन्मात कुणावर हात उगारला नाही. आर्लिसवर तर नाहीच, पण हॉलमध्ये कुणी कॉलर धरली तरी हा हात खिशात घालून उभा राहायचा. लोक त्याला बुळ्या म्हणायचे. आर्लिस त्या लोकांशी बोलायची नाही.

एकदा आर्लिसने केलेले कोलाचे, म्हणजे आमच्याकडचे जॅम भरलेले गोड पाव, घेऊन मी टेकडीवर गेले होते. टेकडी म्हणजे गावाच्या दक्षिणेचं कब्रस्तान. आमच्याकडे त्याहून उंच जागा नाही. एल्डन आजोबा-पणजोबांच्या थडग्यांमध्ये खुर्ची टाकून बसला होता, पिकअपचा रेडिओ उघड्या दारातून खरखरत होता. उकाडा असा की श्वास घ्यायचाही कंटाळा यावा.

"किती वेळ झाला, काहीच होत नाहीये," मी म्हणाले.

"होतंय की. खाली वाफ कोंडलीय आणि वर गरम हवेचं झाकण बसलंय. ते बघ, छोटे ढग वर जातात, झाकणाला डोकं आपटतात आणि विरतात. एखादाच झाकण फोडतो. मग तो बाकीच्यांचं सगळं एकटाच गिळतो."

"आणि तो कधी फोडणार?"

"ते कळत असतं तर मी ट्रॅक्टरखाली लोळलो असतो का?"

थोड्या वेळाने एकाने फोडलं. पांढराशुभ्र ढग, फुलकोबीसारखा, आमच्या डोळ्यांसमोर उकळत वर गेला. वर जाऊन त्याचा माथा चपटा झाला, पसरला, आणि खालचं बूड काळंनिळं पडलं. एल्डनने कोलाच हातात तसाच धरला होता, जॅम बोटांवरून ओघळत होता. त्याचं तोंड देवळात बसलेल्या माणसाचं होतं. त्या दिवशी मला आर्लिसचा हेवा वाटला, खरं सांगते. माझा नवरा एवढ्या प्रेमाने फक्त पत्त्यांकडे बघतो.

दर मार्चमध्ये हवामान खात्याचे लोक अग्निशमन बंबाच्या खोलीत यायचे आणि हौशी लोकांना शिकवायचे, कुठला ढग नुसता भुंकतो आणि कुठला चावतो. एल्डन पहिल्या रांगेत. काही धोक्याचं दिसलं की त्याने रेडिओवरून बंबाच्या खोलीत कळवायचं, आणि तिथल्या माणसाने गावचा भोंगा वाजवायचा, अशी पद्धत. तो चुकायचाही, बरं का. पोस्पिशिलांच्या मुलीच्या लग्नात त्याने नांगरलेल्या शेतातली धूळ टोर्नेडो म्हणून कळवली. सगळं वऱ्हाड तळघरात, बँड तळघरात, केकवर कुणीतरी बसलं. वर ऊन पडलेलं. वधूचा बाप रूडी पोस्पिशिल हाच नेमका गावच्या पंचायतीचा अध्यक्ष. त्याने ती गोष्ट दोन वर्षं चघळली. एल्डन रस्त्याने जाताना दिसला की म्हणायचा, "काय रे, आज कुणाचं लग्न मोडतोस?"

आता त्या भोंग्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्या गावात भोंगा रोज वाजतो. दुपारी बाराला जेवणाचा, संध्याकाळी सहाला रात्रीच्या जेवणाचा. आमच्या आज्यांच्या काळापासून वाजतो. सहाचा भोंगा झाला की पोरं खेळ टाकून सायकलींवर घरी पळतात, शेतातली माणसं ट्रॅक्टर वळवतात, बायका उकडलेले डंपलिंग कापायला घेतात. वादळाचा इशारा द्यायलाही तोच भोंगा, तेच बटण. फरक एवढाच की जेवणाचा आखूड आणि इशाऱ्याचा लांब, बराच वेळ चालू राहणारा. सुरुवात दोन्हींची एकच.

त्या वसंतात एल्डन पंचायतीत उभा राहिला. बोलायची सवय नाही, टोपी हातात पिळत होता.

"उन्हाळ्यापुरता सहाचा भोंगा बंद करा," तो म्हणाला. "आपल्याकडे वादळं चार ते सातच्या मध्ये येतात. नेमकं सहाला आलं तर लोकांना कळणार नाही. पोरं आत जायची सोडून रस्त्यावर येतील."

"म्हणजे तुझ्या ढगांसाठी गावाने उपाशी राहायचं?" रूडी म्हणाला. सगळे हसले.

"घड्याळं आहेत ना घरोघरी."

"एल्डन, आधी तू धूळ आणि टोर्नेडो यांतला फरक शीक. मग आम्ही आखूड आणि लांब यांतला शिकू."

विषय संपला. आर्लिस घरी आल्यावर भांडी आपटत होती. "तुझं बरोबर आहे," ती त्याला सारखं म्हणत होती. "गाढवं आहेत सगळी. तुझं अगदी बरोबर आहे." मी तिथेच होते. एल्डन म्हणाला, "निदान तुला तरी कळलं ना, पुरे झालं."

तो दिवस जूनचा. मोबाईल वगैरे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते. सकाळपासून आग्नेयेचा वारा ओला, चिकट. एल्डन दुपारनंतर टेकडीवर जाऊन बसला. माझी जोलीन, तेव्हा बारा वर्षांची, बागेजवळच्या मैदानावर मुलींच्या संघाबरोबर सॉफ्टबॉल खेळत होती. त्यांना शिकवायला रूडीच. आर्लिस घरी. त्यांचं घर गावाच्या पश्चिम टोकाला, शेवटचं, त्यापुढे नुसता मका. आणि मी दुकानात, म्हाताऱ्या मिसेस क्रात्कींच्या डोक्याला रोलर लावत होते.

पाचच्या सुमाराला पश्चिमेला एक ढग फुटला. बाकी आभाळात काही नाही, तो एकटाच. एल्डनने मला नंतर सांगितलं, एवढ्या जोरात वर जाणारा ढग त्याने जन्मात बघितला नव्हता. बघता बघता त्याने अर्धं आभाळ खाल्लं. वारा उलटा ढगाकडे ओढला जायला लागला, थडग्यांवरची प्लॅस्टिकची फुलं पश्चिमेकडे उडाली. मग ढगाच्या बुडातून एक जाड भिंत खाली उतरली, आणि ती फिरत होती. समोर पावसाचा पडदा. पडद्याआड काय आहे ते गावातून कुणालाच दिसणार नव्हतं. टेकडीवरून दिसलं. हत्तीच्या सोंडेसारखं बारीक काही नव्हतं ते, शेताएवढं रुंद आणि काळं होतं, आणि विजेच्या तारा तोडत येत होतं.

त्याने रेडिओवर ओरडून कळवलं. बंबाच्या खोलीतल्या माणसाने लगेच बटण दाबलं. सहाला अगदी थोडंसंच कमी होतं.

भोंगा वर चढला, एकदा पूर्ण वाजला, आणि तेवढ्यात गावाची वीज गेली. भोंगा कण्हत खाली आला आणि बंद पडला. आखूड.

मी मिसेस क्रात्कींना म्हणाले, "झाले सहा. लाइटही गेले, आता तुम्ही ओल्या डोक्याने घरी जाणार." त्या म्हणाल्या, "सूप गरम करायला गॅस आहे." अख्ख्या गावात तेच झालं. लोकांनी हात धुतले.

टेकडीवर एल्डनने तो भोंगा ऐकला आणि त्याला कळलं की आपण स्वतःच पोरींना रस्त्यावर काढलंय. पिकअप घेऊन तो खाली सुटला. टेकडीचा रस्ता खाली येतो तिथे चौक आहे. डावीकडे वळलं की त्याचं घर, उजवीकडे वळलं की मैदान. दोन्हीकडे जाण्याइतका वेळ नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो उजवीकडे वळला.

गारा सुरू झाल्या होत्या, आधी एखाददुसरी, मुठीएवढी. पोरी सायकलींवर बसून निघालेल्या. एल्डनने पिकअप रस्त्यावर आडवी घातली. पुढच्या दोघी तिच्यावर जाऊन आदळल्या. तो उतरून ओरडत सुटला, "चर्चच्या तळघरात! पळा!" पोरी जागच्या जागी. त्यांना तो धुळीचा टोर्नेडो करणारा म्हातारा ठाऊक होता, आणि त्यांचे सर मागून येत होते.

रूडीने येऊन त्याची कॉलर धरली. "पोरींच्या अंगावर गाडी घालतोस? सहाचा भोंगा आहे तो. ह्यांच्या आया जेवायला वाट बघताहेत."

"रूडी, तो येतोय. पावसाच्या आत आहे."

"तुझ्या आईचा येतोय."

तेव्हा एल्डनने मारलं. ज्या माणसाने कधी मुंगी चिरडली नव्हती त्याने रूडी पोस्पिशिलच्या जबड्यावर असा ठोसा घातला की हाड मोडल्याचा आवाज जोलीनला ऐकू आला. रूडी खाली पडल्यावर त्याने आणखी एक लाथ घातली. मग तो पोरींवर सुटला. जी हाताला लागेल तिला केसांना, दंडाला, टी-शर्टला धरून त्याने पिकअपच्या मागच्या हौद्यात फेकलं. किंचाळत होत्या सगळ्या. माझ्या जोलीनचा खांदा निखळला. ती आजही सांगते, त्या दिवशी तिला टोर्नेडोची भीती वाटली नाही, एल्डनकाकाची वाटली. शेवटी त्याने रूडीलाही पट्ट्याला धरून ओढलं आणि पोरींच्या अंगावर टाकलं.

चर्च तिथून जवळच. त्याने दारात गाडी घुसवून दार तोडलं, आणि सगळ्यांना जिन्यावरून अक्षरशः खाली ढकललं. जोलीन म्हणते, सगळ्यात शेवटी तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहून पश्चिमेकडे बघत होता आणि एकच नाव घेत होता. मग वरचं छत गेलं.

माझं सांगू? पहिल्या गारेने खिडकीची काच फोडली, दुसरीने आरसा. मी मिसेस क्रात्कींना केस धुवायच्या बेसिनखाली कोंबलं आणि त्यांच्यावर पडले. कान फुटतील असं वाटलं. भिंत हलत होती, माझ्या पाठीत काचा घुसत होत्या, आणि मी देवाला शिव्या देत होते, कारण जोलीन मैदानावर होती. प्रार्थना मला आठवलीच नाही. संपलं तेव्हा मी अनवाणी धावले. मैदानच नव्हतं. बसायची बाकं नव्हती, जाळी नव्हती, झाडांना साली नव्हत्या. जोलीनची निळी सायकल सोसायटीच्या धान्याच्या टाकीला गुंडाळली गेली होती. मी तिथेच खाली बसले आणि गुरासारखी ओरडले.

आणि मग चर्चच्या ढिगाऱ्यातून पोरी वर आल्या. एकेक. चिखलाने माखलेल्या, रडणाऱ्या, जिवंत. सगळ्या. जोलीन हात लोंबकळत आली तेव्हा मी तिच्या तोंडाची, केसांची, मानेची पापी घेत सुटले. तिच्यामागून एल्डन आला. मी त्यालाही मिठी मारली. तो मिठीत नव्हताच. माझ्या खांद्यावरून पश्चिमेकडे बघत होता.

"आर्लिस?" मी विचारलं.

तो धावायला लागला.

समोरच्या घरातल्या म्हातारीने तिला शेवटचं पाहिलं होतं. आर्लिस बागेत कांद्याची पात खुडत होती. भोंगा झाल्यावर तिने पात एप्रनमध्ये भरली आणि म्हातारीला हाक मारून म्हणाली, "जाते हं, एल्डन येईल आता जेवायला." म्हातारीचं स्वयंपाकघर तळघरातच, म्हणून ती वाचली. आर्लिसच्या घराचा नुसता चौथरा उरला होता. ती आम्हाला मक्यात सापडली, बरीच आत. मी माझा एप्रन तिच्या तोंडावर टाकला. एल्डनने तो काढला, नीट बघितलं, आणि पुन्हा घातला.

रूडीचा जबडा तारांनी बांधला होता. पुढच्या पंचायतीत सहाचा भोंगा बंद करायचा ठराव आला तेव्हा बोलता येईना म्हणून त्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला. मी त्याला बघून थुंकले. आजही तो माझ्याकडे केस कापायला येत नाही, आणि ते त्याच्याच भल्याचं आहे.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी त्या चौथऱ्यावर गेले. एल्डन विटा गोळा करत होता. कशाला, ते त्यालाही ठाऊक नसेल. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मला वाटलं तिला कळेल, बेव. अख्ख्या गावात एकटीला तरी. मी तिलाच तर रोज सांगत होतो."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. मग दुसऱ्या बाजूने. तो हात खाली सोडून उभा राहिला, जसा लहानपणी बापासमोर उभा राहत असेल तसा, आणि ते बघून मला आणखीच संताप आला.

"तू घरी का नाही गेलास?" मी ओरडले. "बायको होती तुझी. माझी बहीण होती."

"जोलीन मैदानावर होती," तो म्हणाला.

"माहितीये मला."

"डावीकडे वळलो असतो तर आज तू मला हेच विचारलं असतंस. मैदानावर का नाही गेलास म्हणून."

"विचारलं असतं. जन्मभर माफ केलं नसतं तुला."

"आणि आता?"

"आताही नाही करणार," मी म्हणाले. "चल घरी. जोलीनने तुझ्यासाठी पलंग घातलाय."

तो आला. तेव्हापासून आमच्याकडेच राहतो. टेकडीवर परत जायला लागला, रेडिओवर परत बोलायला लागला, आणि आता लोक त्याचं ऐकतात. जोलीनला दोन पोरी झाल्या, त्या त्याच्या मांडीवर लोळतात, त्याचे कान ओढतात. मी त्यांच्याकडे बघते आणि मला आनंद होतो, खरंच होतो. मग जेवायची वेळ होते, आणि एल्डनच्या ताटात वाढताना रोज माझा हात एकदा थांबतो. त्याला ते दिसतं. तो ताट धरून वाट बघतो, आणि मग मी वाढते.